दोनदाच हाक मारणारा डबा

नवाबने चिठ्ठी फाडली, पेन्सिल जिभेला लावली आणि तक्रार लिहून घेतली: 'गिऱ्हाइकाचं नाव घेऊन हाक मारतो.' मग चष्म्यावरून मुंजाबाकडे पाहिलं.

"दोनदाच मारतो," मुंजाबा म्हणाला. "ते बी लिव्हा."

नवाबने पुढे 'दोनदाच' असं लिहून खाली रेघ ओढली आणि चिठ्ठी तारेने डब्याला बांधली. शहागंजातल्या त्याच्या दुकानात रेडिओ, अँप्लिफायर, भोंगे असं सगळं दुरुस्तीला येई आणि प्रत्येकाच्या गळ्यात अशी एक चिठ्ठी असे. 'खरखर.' 'आवाज नाही.' 'पावसाळ्यात बोलत नाही.' त्या रांगेत हा डबा ठेवला तरी फार काही वेगळं दिसलं नाही.

डबा वहीएवढा, काळा, सिंगापूरहून मुंबईमार्गे आलेला. गिटारची वायर एका बाजूने आत जायची आणि दुसऱ्या बाजूने बाहेर यायची. मधल्या मध्ये आवाजाचं जे काही होईल त्याला इफेक्ट म्हणायचं. हा डबा आवाज घुमवायचा, फाडायचा, थरथरवायचा, आणि वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवायचा. या शेवटच्या कामाला एको म्हणत. मुंजाबाला बाकीच्या इफेक्टांशी घेणंदेणं नव्हतं.

हा त्याचा सात वर्षांतला चौथा. मुंजाबा वाळूजच्या एका कारखान्यात पिना घासायच्या मशीनवर होता, राहायला बजाजनगरात, आणि सुट्टी असेल त्या दिवशी सर्जेरावांच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा. धनगराचा माणूस इकडे कसा, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "मेंढरांम्होरं वाजवून पायलं. थांबत नायती." लोक हसायचे आणि पुढचा प्रश्न विसरायचे. प्रश्न विसरायला लावणं हीच त्याची खरी कला होती. गिटार तो मध्यमच वाजवायचा.

पहिलं मशीन शहाऐंशीतलं, ट्रंकेएवढं, आत टेपचा गोल पट्टा फिरणारं. ते पहिल्यांदा 'मुंजाबा' म्हणालं तेव्हा नवाबने शांतपणे झाकण उघडलं होतं. पट्टा जुन्या कॅसेटचा असणार, आधीचं कुणाचं बोलणं नीट पुसलं गेलं नसणार, असं त्याचं निदान. नवी सीलबंद कॅसेट कापून पट्टा बसवला. मशीन तरीही म्हणालं. मग नवाबने स्वतः एक डबा जुळवला, ज्यात टेपच नव्हती. तोही म्हणाला. मग मुंबईचा एक. आता हा.

"भूत पे अपना भरोसा नहीं," नवाब म्हणायचा. "फॉल्ट पे है."

मुंजाबाचा भरवसा हार्डवेअरवर होता. हा शब्द त्याने कारखान्यातल्या साहेबाकडून उचलला होता. कारखान्यात दर वर्षी नवं मशीन यायचं. मागचं दीड मिनिटात पिन करायचं, पुढचं चाळीस सेकंदांत, आणि साहेब प्रत्येक वेळी तेच सांगायचे की वेग वाढला की उरलेल्या अडचणी आपोआप जातात. अडचणींबरोबर दोन-चार माणसंही जायची. मुंजाबाने तेवढाच भाग सोडून बाकीचं पाठ केलं होतं.

"ह्या डब्याचं डोकं कमी पडतंय, नवाबभाई. दोन हाका मारस्तोवर भरतंय. तिसरीला जागाच ऱ्हात नाय. ह्याच्याहून तेज आलं असंल ना आता?"

नवाब गिऱ्हाइकाला नवा माल घेऊ नको म्हणणारा शहागंजातला एकमेव दुकानदार असावा. त्याचं म्हणणं असं, की या छोट्या डब्यांची घाई फार झाली आहे. एकाची बटणं बोटांना कळेपर्यंत दुसरा येतो. हात बसायच्या आत डबा म्हातारा. ज्याला वाजवता येतं त्याला जुना पुरतो आणि ज्याला येत नाही त्याला कुठलाही पुरत नाही. हे बोलून त्याने माइक लावला, एकोचं बटण पूर्ण फिरवलं आणि बायकोचं नाव घेतलं.

"गौहर."

डब्याने गौहरला अकरा वेळा हाक मारली. चौथ्या हाकेला दुकानामागच्या घरातून आवाज आला, "क्या है?" पुढच्या सात हाका तिने काही न बोलता ऐकून घेतल्या.

"ग्यारह," नवाब म्हणाला. "डोकं भरपूर है. अब तुम बजाओ."

मुंजाबाने गिटारची एक तार छेडली. तार एकदा वाजली, आणि एकोच्या जागी एक तरुण, किंचित नाकातला आवाज आला. धावत येऊन थांबलेल्या माणसाचा असतो तसा. मुंजाबा. थोडा वेळ गेला. मुंजाबा. मग नुसता पंखा ऐकू येत राहिला. दोघंही डब्याकडे बघत होते. नवाबने बटणाला हात लावून पाहिला. ते पूर्ण फिरवलेलंच होतं.

"सात साल हुए, मैंने पूछा नहीं," नवाब म्हणाला. "आवाज किसकी है?"

"सांडूची."

मग मुंजाबाने जे सांगितलं ते त्याने पार्टीत, कारखान्यात किंवा घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांडू गावातल्या दलित वस्तीतला, त्याच्याच वर्गातला. सांडू गायचा, हा वाजवायचा. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि पुढच्या आठवड्यात गावात वस्तीला आग लावली. भर दुपारची वेळ. मुंजाबा आणि त्याची आई बानाबाई दाराला कडी घालून आत बसले होते. बाहेरून हाक आली. तो उठला तर आईने मनगट धरलं.

गावाकडचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला बाहेरून नाव घेऊन हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. भूत एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी मारत नाही. तिसरी आली की माणूस समजायचं आणि दार उघडायचं.

"आई म्हणली, तिसरी येऊ दे. दुसरी आली. मग आम्ही वाट पायली."

"और तीसरी?"

"नाय आली."

सांडूची बायको मुक्ताबाई कडेवरच्या पोरीला घेऊन चालत शहरात पोचली. सांडू वाटेत घराकडे काहीतरी राहिलं म्हणून परत वळला होता. तो पोचला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

नवाबने चष्मा काढून पुसला. तो पुसण्याइतका मळलेला नव्हता.

"आईला वाटलं का, के भूत है?"

मुंजाबाने तारेचं भेंडोळं उचलून बाजूला ठेवलं. "आईला म्हाईत हुतं कोन हाय ते," तो म्हणाला. "मला बी."

म्हणून त्याला तिसरी हवी होती. तिसरी आली की नियमाप्रमाणे ओ देता येणार होती. त्याने एवढ्या वर्षांत स्वतःला हेच सांगितलं होतं, की अडचण तांत्रिक आहे.

नवाबने काउंटरवरचा उर्दू पेपर सरळ केला. नावाचा निर्णय आता होणारच, अशी बातमी होती. "ठराव अठ्ठ्याहत्तर में बोले," तो म्हणाला. "आवाज अब लौटके आ रई. सोला साल. इत्ता लंबा एको कोई डब्बा देता नहीं, भाऊ. तेज हार्डवेअर की क्या बात करते." पण बोलत बोलत त्याने पाठीमागून एक खोकं काढलं. त्यात आणखी छोटा, आणखी तेज डबा होता, आठवड्यापूर्वीच आलेला. त्याने तो मुंजाबाच्या हातात दिला आणि त्याला चिठ्ठी बांधली नाही.

जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी विद्यापीठाच्या गेटजवळच्या मैदानावर सर्जेरावांच्या पार्टीचा कार्यक्रम होता. माणसं भिंतींवर, ट्रॅक्टरवर, एकमेकांच्या खांद्यावर होती. पुढच्या बायकांच्या घोळक्यात मुक्ताबाई बसली होती. ती शहरातल्या बहुतेक कार्यक्रमांना यायची, मुंजाबाकडे बघून मान हलवायची, आणि तो डबा बंदच ठेवायचा. स्टेजवर त्याने एको कधीच लावला नव्हता. सर्जेराव म्हणायचे, "त्यो डबा शोभेला ठिवलाय का रं?"

त्या दिवशी त्याने लावला. एवढ्या मोठ्या भोंग्यांतून, एवढ्या तेज डब्यातून, अशा दिवशी तिसरी आली नाही तर ती कधीच यायची नाही, असा त्याचा हिशेब होता.

गाण्याच्या मध्ये गिटारची जागा आली. त्याने तार छेडली.

मुंजाबा.

आवाज आठ भोंग्यांतून मैदानभर गेला आणि पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला. ढोलकीवाल्याने चमकून बघितलं, पण ठेका सोडला नाही. लोकांना वाटलं, गिटारवाल्याची ओळख करून देताहेत; काहींनी टाळ्या वाजवल्या.

मुंजाबा.

घोळक्यात मुक्ताबाई उठून उभी राहिली. आजूबाजूच्या बायका तिला खाली बस म्हणत होत्या. ती स्टेजकडे बघत नव्हती, भोंग्यांकडेही नाही. त्याच्या थोडं मागे, जिथे कुणीच नव्हतं तिथे बघत होती. मुंजाबाचे हात तारांवरून सुटले. ठेका चार आवर्तनं नुसताच चालला. मग मुक्ताबाईने मान किंचित हलवली, कुणाला तरी नको म्हणावं तशी, आणि खाली बसली. भोंगे थंडच राहिले. सर्जेरावांनी डोळे वटारले आणि गाणं पुढे ओढून नेलं.

सोमवारी सकाळी मुंजाबाची पहिली पाळी होती. कंपनीची बस नाक्यावर आली तेव्हा तो विरुद्ध बाजूला, शहराकडे जाणाऱ्या टेंपोत बसला होता. भावसिंगपुऱ्यात मुक्ताबाईच्या गल्लीत नळाची वेळ चालू होती. दारोदार ड्रम, बादल्या, घागरी लावलेल्या. मुक्ताबाई हिरवा पाइप ड्रममध्ये सोडून कट्ट्यावर बसली होती. त्याला बघून तिला नवल वाटलं नाही.

"या भाऊजी."

तो बसला नाही. पाणी ड्रमच्या तळाशी जोरात आपटत होतं, तेव्हा जरा मोठ्यानंच बोलावं लागलं.

"वैनी, त्या दिशी मी घरातच हुतो."

"ठावं हाय की." तिने पाइप जरा आत ढकलला. "मी गल्लीच्या तोंडाशी पोरीला घिऊन हुभी हुते. तुमच्या छपरातून चुलीचा धूर येत हुता. रिकाम्या घरात कोन भाकरी थापतंय?"

मुंजाबाने तिला नियम सांगायला सुरुवात केली. आई, मनगट, तिसरी हाक. सांगता सांगता त्यालाच ते ऐकू आलं आणि तो थांबला. ड्रम निम्म्याहून वर भरला होता, पाण्याचा आवाज बदलला होता.

"त्यो मारनारच हुता तिसरी," मुक्ताबाई म्हणाली. "त्वांड उघडलं बी हुतं त्यानं. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या. येनारं मानूस पैल्या हाकंला येतं."

मुंजाबाने तोंडावरून हात फिरवला. "आन काल?"

"काल बी." ती ड्रमकडे बघत होती. "बघा की, आजून तसाच दिसतोय. बावीस वर्साचा. माझं केस पांडरं झालं. तुमच्या मागं हुभा हुता, त्वांड उघडून. म्हणलं, ऱ्हाऊ द्या आता. दमलं असताल."

गल्लीत कुणीतरी नळावरून भांडत होतं. शेजारच्या घरात रेडिओ लागला. मुंजाबाच्या खांद्याच्या पिशवीत डबा होता. तो मुक्ताबाईला द्यावा असं त्याने टेंपोत ठरवलं होतं, पण आता त्याला तो पिशवीतून काढवेना. ओ द्यावी म्हटलं तर हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि जिने हाक थांबवली ती समोर बसून ड्रमच्या काठावरचं शेवाळ नखाने खरवडत होती.

ड्रम काठोकाठ भरला. ती उठली, पाइप उचलला आणि आत घागर आणायला जाता जाता त्याचं टोक त्याच्या हातात दिलं.

"धरा जरा. सांडू दिऊ नगा."

त्याने दोन्ही हातांनी पाइप धरला आणि रिकाम्या बादलीत सोडला. बादली निम्मी झाली तेव्हा धार बारीक झाली, मग तुटक, आणि मग नळ गेला. पाइपातून थोडी हवा आली, कुणी श्वास घ्यावा तशी. गल्लीतल्या बायका आपापले पाइप गुंडाळून आत गेल्या. मुंजाबा पाइपाचं टोक बादलीवर धरून तसाच उभा होता.