बाराव्या पानावर माना वर झाल्या

मित्रांनो, मी एक जुना खर्डा आहे. छापलेलं पुस्तक नव्हे. पुस्तक होण्याआधीचे चोवीस कागद, कडेला दोन टाचण्या मारलेले. माझ्यात पाण्याला घाबरणाऱ्या एका बदकाची गोष्ट आहे.

लेखिकाबाईंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहा महिने खपून लिहिलं. संपादकांनी वाचलं आणि म्हणाले, "मला आवडून उपयोग नाही. माझी पन्नाशी उलटली. मुलांना देऊन बघा. शुक्रवारपर्यंत त्यांना रुचलं नाही, तर बदक यंदाच्या यादीतून बाहेर."

बुधवारी तिसरीच्या वर्गात लेखिकाबाईंनी मला स्वतः वाचून दाखवलं. हातवारे केले, बदकासारखं चालून दाखवलं. मुलं खो खो हसली. वर्गाच्या बाईंनी विचारलं, "कशी वाटली गोष्ट?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "छाऽऽन!" मी हुरळून गेलो. लेखिकाबाईंनी तडक संपादकांना गाठलं.

"वाचलं कुणी?" संपादकांनी विचारलं.

"मीच."

"मग मुलांनी तुम्हाला पाहिलं, बाई. पुस्तकाबरोबर घरोघर चालायला तुम्ही जाणार आहात का?"

गुरुवारी सहा मुलांना माझ्या सहा प्रती मिळाल्या. वर्गाच्या बाई बाहेर थांबल्या. लेखिकाबाई मला घेऊन मागच्या बाकावर बसल्या. वाचताना ज्याची मान वर होईल, त्याच्या नावाची एक रेघ त्या माझ्या समासात, त्या-त्या पानावर ओढत होत्या. अकराव्या पानापर्यंत समास कोरा होता. बाराव्यावर पाच रेघा पडल्या.

तिथून चार पानं सूर्यास्त होता. लेखिकाबाईंचा सर्वांत लाडका मजकूर.

सगळे जिला मिरची म्हणत, त्या मुलीने विचारलं, "मावशी, खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"रागावले तरी सांग."

"बदक घाबरतं, घाबरतं. पण का घाबरतं? आणि तुम्ही मध्येच चार पानं सूर्य बुडवत बसलात. तेवढ्यात ते पोहायला शिकलं असतं!"

"मला वाटलं, दुसऱ्या पुस्तकाची पानं चुकून लागलीत," तिच्या शेजारचा म्हणाला.

लेखिकाबाई हसल्या, पण पेन्सिलीवरची बोटं घट्ट झाली. घरी येऊन त्यांनी चारही पानांवर आडवी रेघ मारली. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी बदकाची बहीण लिहिली. ती एकदा भोवऱ्यात सापडली होती. वाचली, पण तिची हाक बदकाच्या कानांतून गेली नाही.

शुक्रवारी मुद्दाम दुसरी सहा मुलं बसवली. पाच जणांनी मान वर न करता गोष्ट संपवली. सहावा सतराव्या पानावर खिडकीबाहेर बघू लागला.

संपादकांनी रेघा मोजल्या. "बदक यादीत राहिलं. सतरावं पान?"

"उद्या सकाळी देते," लेखिकाबाई म्हणाल्या आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

आता पुस्तक मुलांच्या दप्तरांत हिंडतं आणि मी खणात असतो. मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं काम झालं. जपायचंच असेल, तर तोंडावर खरं सांगणाऱ्या मैत्रिणीला जपा. आणि कुणी भरवशाने आपलं अपुरं काम तुमच्या हाती दिलं, तर त्याच्यासाठी तुम्हीही तेवढं धाडस करा.