पांढऱ्या टायरची शोभा

मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या एका बिअरच्या दुकानात भिंतीवर टांगलेली असते. मला ब्रेक नाहीत, घंटी नाही. लाकडी ट्रॅकवर पळायला ती लागत नाहीत. मित्रांनो, मी म्हातारी झाले याचं मला दुःख नाही. माझ्यावर सिरिएल बसला, याचं आहे.

सिरिएल साऱ्या गावाचा लाडका. पाय घोड्याचे, अक्कलही त्याचीच. तो मिशांना मेण लावत बसे, तेवढ्यात ओडिलॉन मला नखशिखांत पुसून काढी. ओडिलॉन माझा मिस्त्री. टायर तो रिंगवर लाखेने चिकटवायचा आणि चांगले दोनेक दिवस वाळू द्यायचा.

अजिंक्यपदाच्या शर्यतीच्या सकाळी सिरिएलला कुठूनसा एक पांढरा टायर मिळाला. फोटोत उठून दिसेल म्हणून पुढच्या चाकाला तोच हवा.

"लाख वाळायची नाही. वळणावर निसटेल," ओडिलॉन म्हणाला.

"तू वंगण बघ रे म्हाताऱ्या. फोटो तुझा नाही काढणार कुणी."

ओडिलॉनने हात लावला नाही. सिरिएलने स्वतःच टायर चिकटवला. शेवटच्या वळणावर तो निसटला आणि मी या लाडक्यासकट फळ्यांवर घसरत गेले. उठल्याउठल्या त्याने ओडिलॉनकडे बोट दाखवलं. "याने लाख नीट लावली नाही." झालं. त्यानंतर ट्रॅकवर ओडिलॉनच्या हाती कुणी पाना दिला नाही.

पुढे सिरिएलने हे दुकान काढलं. पुढचं चाक टायरविना उघडं ठेवून मला टांगलं आणि रोज गिऱ्हाइकांना तीच थाप ऐकवू लागला. फुकट बिअरच्या आशेने तीही माना डोलवायची. मला त्याची आणि त्यांचीही किळस यायची.

एका रविवारी ओडिलॉन आत आला. निर्लज्जाने त्याच्यादेखत थाप सुरू केली.

"मागचा टायर मी चिकटवलाय," ओडिलॉन म्हणाला. "तेवढा ओढून काढ. निघाला, तर चूक माझी."

सिरिएलने बाह्या सरसावल्या. ओढलं. भिंतीला पाय लावून ओढलं. टायर हलला नाही, भिंतीतला खिळा निघाला. सिरिएल मला पोटावर घेऊन आपटला.

"आजही पडलास की. आज लाख कोणी लावली होती, सिरिएल?" ओडिलॉनने विचारलं.

कुणी मान डोलवली नाही. एकाने सरकून ओडिलॉनला बाकावर जागा दिली.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, हे मी सांगायलाच हवं. पण थापा मारायच्या असतील, तर आम्हाला भिंतीवर टांगू नका. आम्हाला कुणीही ओढून बघू शकतं.