मैदान किती लांब

कुसळ मोज्यातून आत शिरलं होतं, घोट्याच्या अगदी हाडाशी, आणि चिमटीत यायचं नाव घेत नव्हतं. धरावं तर मधेच तुटायचं आणि उरलेलं टोक आणखी आत जायचं. गाडीच्या दाराला टेकून राजेश्री एका पायावर उभी होती. समोर पिंगळीचं गायरान – पिवळं, सपाट, पार रेल्वेच्या रुळांपर्यंत गेलेलं – आणि परभणीहून आलेली मंडळी त्यात हात लांब करकरून इथे धावपट्टी, इथे गॅलरी, इथे गाड्या लावायला जागा, असं हवेतच बांधकाम करत निघालेली.

तिने बूट चढवला आणि ती त्यांच्यामागे चालू लागली. जिल्ह्याचं नवं स्टेडियम कुठे व्हावं हे ठरवणाऱ्या समितीत ती एकटीच बाई. खो-खोची शिक्षिका म्हणून घेतलेली. बाकीचे सगळे पुढे पुढे होते. त्यातले व्यंकटराव, क्रीडामंडळाचे अध्यक्ष, सकाळपासून एकच सांगत होते – शहरातलं जुनं मैदान आता चारी बाजूंनी घरांनी दाबलंय, तिथे दुकानांचं संकुल काढावं आणि स्टेडियम इथे मोकळ्यावर आणावं. जुनं मैदान म्हणजे तिचं मैदान. रोज संध्याकाळी तिच्या मुली तिथे खांबावर सूर मारतात, गुडघे फोडून घेतात, आणि दिवे लागायच्या आत चालत घरी पोचतात. चालत... हा शब्द तिने आज बोलायचं ठरवताना कितीदा तरी घोळवला होता.

पण हे गायरानही तिचंच होतं की, तिच्या माहेरच्या गावचं. त्याला लागून जे तुरीचं शेत, ते आबांचं, तिच्या वडलांचं. सकाळीच भागवतचा, धाकट्या भावाचा, फोन – "अक्का, नीट बोल बरं का आज. आपल्या गावाला एवढं मोठं काही कधी आलंय का?" नीट म्हणजे कसं, ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. आता तो बांधावर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्याच्या शेजारी आबा – दिनकरराव – पांढरं धोतर, हातात पाण्याचा तांब्या, पाहुण्यांसाठी. आबा एवढे लहान कधी झाले?

मी सोळा वर्षांची असताना हे इथे असतं तर... ती चालता चालता थबकली. हा विचार यायला नको होता, आज तरी नको. पण आला तो आलाच. शाळा सुटली की पिंगळीच्या स्टेशनावरून पॅसेंजर पकडायची, परभणीला उतरून मैदानापर्यंत पळत जायचं, तोच सराव. आणि परतीची गाडी पूर्णेकडून येणाऱ्या मालगाडीसाठी कुठेतरी अडकून पडायची. डब्यात पिवळा दिवा, मांडीवर दप्तर, पोटऱ्यांत गोळे. स्टेशनावर आबा सायकल घेऊन उभे. मागे कॅरिअरवर बसून ती घरी यायची, आणि दोघंही बोलायचे नाहीत, पण ते न बोलणं बरं वाटायचं – त्यांच्या पाठीला घामाचा आणि कडब्याचा वास... राज्याच्या संघात तिचं नाव आलं त्याच आठवड्यात आबा म्हणाले होते, "लय लांब हाय बाई. अंधार पडतो. बास आता." एवढंच. आई चुलीपुढे तशीच बसून राहिली. आणि राजेश्रीचा राग – तो कुणावर धरायचा? ज्याच्या पाठीवर डोकं टेकवलं त्या माणसावर धरता येत नाही. तिने तो रुळांवर धरला, मालगाडीवर, वेळापत्रकावर. लांब. पुढे नोकरी लागली तेव्हा तिने नवऱ्याला पहिली अट घातली होती, घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर हवं. ओमप्रकाश हसला होता. त्याला ती गंमत वाटली.

"मॅडम, तुमचं काय म्हणणं?" क्रीडा खात्याचे साहेब थांबले होते. सगळेच थांबले. "तुम्ही तर इथल्याच ना?"

व्यंकटराव हसून म्हणाले, "मग काय, माहेरालाच कौल देणार त्या."

आणि मग ती बोलली. ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त बोलली. आवाज वर गेला, उघड्या रानात तो कुठेच न अडता पुढे गेला. म्हणाली, स्टेडियम बघणाऱ्यांसाठी असतं, साहेब, वर्षातून दोनदा. मैदान खेळणाऱ्यांसाठी असतं, रोज. मोठ्या सामन्याला लोक कुठेही येतील गाड्या करून. माझ्या मुली येणार नाहीत. त्यांना कोण पाठवेल? मला माहीत आहे कोण पाठवत नाही ते. "मी याच गावातून तिकडे जात होते. लांब होतं, एवढ्या एकाच कारणाने माझा खेळ सुटला. दुसरं काही कारण नव्हतं. घरचे वाईट नव्हते..." तिने बांधाकडे पाहिलं नाही. "तुम्ही मैदान इकडे आणलंत तर तिकडच्या सगळ्या पोरी माझ्यासारख्या घरी बसतील."

साहेब मान हलवत होते. व्यंकटरावसुद्धा क्षणभर बुटाने ढेकूळ फोडत राहिले. बरं वाटलं तिला, अंगातून ताप उतरल्यासारखं. मंडळी रुळांच्या बाजूची हद्द बघायला पुढे गेली आणि ती पाणी प्यायला बांधाकडे वळली.

भागवतचा चेहरा लाल झाला होता. "काय बोलायलीस तू हे, अक्का? गावाच्या तोंडाशी आलेलं घालवलंस."

"मला जे पटतं ते बोलले. लांब होतं म्हणून –"

"लांब, लांब! लांब म्हणून न्हाई बसवलं तुला. पारावर लोक बोलायले होते. दिनकररावाची पोरगी चड्डीवर पळती म्हणून. मी लहान होतो, पण मला ऐकू येत होतं की सगळं. हितं बांधाला मैदान असतं ना, तर तुला दुसऱ्या दिशी घरात घातलं असतं. परभणी लांब होती म्हणून कुणाला दिसत नव्हतं. म्हणून तर खेळलीस तेवढं!"

"भागवत, गप," आबा म्हणाले.

तांब्या तिच्या हातात होता. पाणी गार होतं. तिने आबांकडे पाहिलं – एक शब्द, आबा, नुसतं नाही म्हणा.

"आबा?"

आबा रुळांकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "चहा टाकायला सांगितलाय घरी. साहेबलोकांना घेऊन ये." आणि बांधावरून सांभाळून पाय टाकत गावाकडे चालू लागले.

तेवढ्यात साहेब परत आले. "मॅडम, मग तुमचं मत जुन्याच जागेसाठी धरू ना? फार चांगलं मांडलंत तुम्ही. इतरांनाही पटतंय."

"धरा," ती म्हणाली. आवाज मघासारखाच ठाम निघाला, याचंच तिला नवल वाटलं.

मुलींसाठी तेच बरोबर होतं... होतं ना? तिच्या डोळ्यांपुढे ते मैदान आलं, आणि पहिल्यांदाच मुली दिसल्या नाहीत. दिसल्या त्या भोवतालच्या घरांच्या गॅलऱ्या, खिडक्या, कट्ट्यावरचे रिकामे बसलेले लोक. भक्ती, तिची सगळ्यांत चपळ पोरगी, मैदानामागच्या गल्लीतच राहते. सराव संपला की ती अंगभर ओढणी घेते, त्या दोन मिनिटांच्या वाटेसाठी. राजेश्रीने ते रोज पाहिलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं.

पुढे आबांची पाठ बारीक होत चालली होती. इतक्या वर्षांत एकदाही ती या पाठीवर रागावली नव्हती. आता राग येईल म्हणून ती वाट बघत उभी राहिली; आणि आला तो राग नव्हताच, एक विचित्र घाई होती, पायांत, पोटऱ्यांत, कुणीतरी मागून खो दिल्यासारखी – पण कुठल्या बाजूला पळायचं ते मात्र कळत नव्हतं.