मुकादमाचा उजवा पंजा

ताईने मुकादमाला उचलून शिवणाच्या टेबलावर ठेवलं तेव्हा अर्धवट शिवलेल्या निळ्या झग्यावर रक्ताचे चार ठिपके पडले. तिने झग्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं ते दाराकडे. दारात तिचा धाकटा भाऊ उभा होता, हातात काच कापायचं हत्यार आणि तोंडावर ते नेहमीचं हसू, काही झालंच नाही असं.

घर दोघांचं. बाहेरच्या खोलीत धाकट्याचं काम, आरसे आणि खिडक्यांची तावदानं. आतल्या खोलीत ताईचं शिवण. मधल्या दारात कुत्रा बसायचा, दोन्हीकडे लक्ष ठेवून, कोण काम करतं आणि कोण वेळ घालवतं ते बघत. म्हणून त्याला मुकादम म्हणायचे. काच कापली की चुरा लगेच गोळा करायचा, हे ताईने धाकट्याला इतक्यांदा सांगितलं होतं की तिलाच स्वतःच्या आवाजाचा कंटाळा आला होता. आज त्याला फोन आला, तो बोलत बोलत रस्त्यावर गेला, आणि मुकादम फेरीवर निघाला.

"जरासं चिरलंय गं," धाकटा म्हणाला.

कोमट पाण्यात मीठ घालून ताईने पंजा धुतला. पुढचा उजवा पाय, तळव्याची मधली मोठी गादी, तीत नखाएवढी आडवी चीर. धुतलेलं सुती फडकं तिने त्यावर दाबून धरलं. पाच मिनिटांनी रक्त थांबलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या की चीर उथळ असेल आणि आत काच नसेल तर घरीच धुऊन पट्टी बांधा. सूज आली, लंगडणं वाढलं, तर मात्र घेऊन या.

धाकटा पुढे सरकला. आत कण राहिला असेल, मला बघू दे, असं काहीतरी तो सांगायला लागला.

"हात लावलास तर बघ," ताई म्हणाली. "तुझ्या हातचं एवढं पुरे झालं त्याला."

तेवढ्यावर गप्प बसेल तर तो धाकटा कसला. कुत्र्याला आता कॉलरपण शिवणार का, म्हणून त्याने विचारलंच. ताईने दात आवळले आणि पट्टीही आवळली. बाहीचा कफ मनगटावर बसावा तशी ती पंज्यावर बसली, कुठे सुरकुती म्हणून नाही. पट्टीचं टोक चिकटवायचं सोडून तिने चार टाके घातले. दुसऱ्यांच्या कमरेला दोन बोटं सैल ठेवणारी बाई. पण त्या दिवशी तिच्या बोटांत राग होता, आणि राग कुणाचं माप घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम जागचा हलला नाही. पट्टीतून बाहेर आलेली बोटं फुगली होती आणि तो टाके कुरतडत होता. ताईने घाईघाईने पट्टी उसवली. आत लाल वळ. गादीच्या एका जागी बोट लागलं की तो पाय हिसकावून घेई. तिने टॉर्च धरला, भिंग धरलं, पुन्हा मिठाच्या पाण्याने धुतलं, काही दिसेना. दवाखाना चार वाजता उघडणार होता. तोवर ती एका दमात देवाचं नाव घेत होती आणि धाकट्याला शिव्या घालत होती, दोन्ही अगदी मनापासून. मग मुकादम कण्हला, बारीक, लाजल्यासारखा, आणि ते तिला सोसवेना.

"ये," ती दाराशी जाऊन म्हणाली. "बघ."

धाकटा आला तो कापूस घेऊनच. आधी कोरडं पूस, म्हणाला. ओल्यात काच पाण्यासारखीच दिसते, दिव्याने काय होणार. त्याने कापसाची विरळ बट ओढली आणि चिरेवरून नुसती फिरवली, टेकवली न टेकवली अशी. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा एक तंतू अडकला आणि ताणला गेला.

"धर घट्ट," तो म्हणाला. ताईने कुत्र्याचं डोकं छातीशी धरलं. चिमट्याच्या टोकाला काचेचा कण आला, तिळाच्या निम्मासुद्धा नाही.

"काल का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो."

ते खरं होतं, म्हणून तिचा पारा आणखी चढला. "चुरा कोणी टाकला होता?"

"मी."

"आणि पट्टी कोणी आवळली?"

धाकटा चिमटा पुसायला लागला. तिने पुन्हा विचारलं. तू मला मार, पण ते मी नाही बोलणार, असं तो पुटपुटला.

"मी आवळली," ताई इतक्या जोरात म्हणाली की मुकादमाने कान पाडले.

या खेपेला पंजा धाकट्याने धरला. तिने बोटांच्या मध्ये थोडा कापूस ठेवला, पट्टी हलकी गुंडाळली, आत बोट सरकवून बघितलं, पुन्हा सैल केली. तासाभराने सूज उतरायला लागली. मुकादमाने पाय टेकवला, उचलला, परत टेकवला, आणि सरळ बाहेरच्या खोलीकडे लंगडत निघाला. ताईने त्याला दारातच पकडून कडेवर घेतलं.

"झाडलंय मी काल," धाकटा म्हणाला.

"झाडलंयस ना? मग फिरव तुझा कापूस. सगळ्या जमिनीवर."

त्याला वाटलं ती थट्टा करते. तिच्या तोंडाकडे बघून तो गुडघ्यांवर बसला. पहिल्याच फरशीवर कापूस अडकला. मग भिंतीकडेला. मग टेबलाच्या पायाशी, दोनदा. त्याचं हसू कधी गेलं ते त्यालाही कळलं नाही. पाचव्यांदा तंतू ताणला गेला तेव्हा तो तसाच बसून राहिला, चिमटीत कापूस धरून.

"ताई, चुकलं माझं."

ताईच्या कडेवर मुकादम जड झाला होता. तिने त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"कपाटाखाली राहिलंय," ती म्हणाली.