ताईच्या हातावरचा घाव

मी एक जुना घण आहे. नाकं मुरडू नका, मित्रांनो. गोड बोलणं मला जमत नाही. माझं तोंड सपाट, वजन सात किलो, आणि जन्मभर मी एकच काम केलं आहे, ते म्हणजे मारणं. पण एक घाव असा आहे की तो सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून ऐका.

माझा जन्म एका मोडक्या ट्रकच्या आसापासून झाला. लोहारानं मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर आडवं पाडलं आणि मदतनिसाला घेऊन दोघांनी मिळून असं बडवलं की काही विचारू नका! पुन्हा भट्टी, पुन्हा मार, आणि शेवटी पाण्यात बुचकळून काढलं. मी चरचरलो. लोहार म्हणाला, "आता हा कुणाच्या बापाला ऐकायचा नाही." खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून फार बरं वाटलं.

मला एका गवंड्यानं नेलं. गडी उंचापुरा, हाताचा पक्का आणि डोक्यानं तापट. आधी जुनं फोडायचं, मग नवं बांधायचं, असं त्याचं काम. आम्ही दोघांनी किती भिंती लोळवल्या याची गणतीच नाही. जिने पाडले, हौद फोडले, एक अख्खी गिरणी आठवड्यात भुईसपाट केली. धुरळा खाली बसला की तो माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचा, "घण असावा तर असा!" मी फुगून जायचो. मार खाणाऱ्या भिंतीला काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाही नाही.

गवंड्याला एक थोरली बहीण होती. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा ही अकरा वर्षांची आणि तो तीन वर्षांचा. तिनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं, लहानाचा मोठा केला. पुढे ती सरकारी दवाखान्यात नर्स झाली. सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणे. ताई म्हणायचा हक्क एकट्या गवंड्याचा, आणि त्याचा घण म्हणून माझा. दुनियेत तो कुणाला भीत असेल तर तिला. तिच्या उजव्या हाताचं इंजेक्शन कळतही नाही, असं लोक सांगायचे, आणि गवंडी ते ऐकून स्वतःचं कौतुक झाल्यासारखा हसायचा.

त्यांच्या गल्लीमागून एक ओढा वाहत होता. घाण वास येतो, डास होतात, म्हणून लोकांनी ओरड केली आणि त्यावर स्लॅब टाकायचं ठरलं. काम गवंड्याकडे आलं. नकाशात सळया वीतभर अंतरावर दाखवल्या होत्या, यानं त्या चार बोटांवर बांधल्या. सहा इंचांचा स्लॅब नऊ इंचांचा केला. "माझ्या हातचं काम माझ्या मागे शंभर वर्षं टिकलं पाहिजे," असं म्हणायचा. स्लॅबवर दुकानं बसली, गाड्या उभ्या राहू लागल्या. ओढा होता हेच लोक विसरून गेले.

ओढा मात्र विसरला नव्हता. पावसात वाट अडली की पाणी घरांत शिरायचं. आणि उन्हाळ्यात तर गल्ली नुसती भाजून निघायची. शाळेतल्या भूगोलाच्या बाई मुलांना घेऊन थर्मामीटर लावून बसत. भर दुपारी स्लॅब अठ्ठावन्न अंशांवर आणि शाळेमागची माती एकेचाळीसवर! बाईंनी दोन वर्षं हे वहीत लिहून ठेवलं. ताईकडे वेगळी यादी होती. उन्हानं चक्कर येऊन कोण पडलं, कोणाला सलाईन लावलं, आणि गल्लीतले कोणते तीन म्हातारे परत घरी गेलेच नाहीत. एक दिवस बाईंची वही आणि ताईची यादी एका टेबलावर आली. तिसरा आला गॅरेजवाला वेल्डर. त्याचे वडील त्या तिघांतले एक होते.

तिघांनी वर्षभर कचेरीचे उंबरे झिजवले आणि स्लॅब फोडून ओढा उघडा करायची परवानगी आणली. काठावर झाडं लावायची, पाणी जमिनीत मुरू द्यायचं, असा बेत होता. अडचण एकच. स्लॅब इतका मजबूत होता की कुठून फोडावा हेच कळेना. प्रत्येक स्लॅबला कुठेतरी जोड असतो. पहिल्या दिवशी ओतलेलं काँक्रीट दुसऱ्या दिवशीच्या काँक्रीटला जिथे मिळतं, तिथे तो जरा कच्चा राहतो. ती जागा फक्त गवंड्याला ठाऊक होती.

ताई त्याच्या घरी आली. "जोड कुठे आहे तेवढं दाखव."

"माझं काम फोडायला मलाच विचारतेस?"

"काम वाईट नाही रे. जागा चुकली."

"लोकांची कामं तीन घावांत ढासळतात, ती कुणाला खुपत नाहीत! माझं टिकलं, तेच तुझ्या डोळ्यांत सलतं!"

त्यानं समोरची खुर्ची उचलून भिंतीवर आपटली. खुर्चीचे दोन पाय मोडले. ताई उठली आणि म्हणाली, "परवा सकाळी आम्ही सुरुवात करतोय. यायचं तर ये."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. खांद्यावर मी होतो.

दुकानदारांना हे नकोच होतं. त्यांनी जेसीबीच्या वाटेत गाड्या आडव्या लावल्या होत्या. मागे दहा-बारा जण काठ्या घेऊन उभे. गवंड्याला पाहून त्यांना चेव आला. "आला आपला माणूस!" बाईंनी खडूनं रेघ आखली होती. वेल्डर सळया कापायच्या गॅस कटरची नळी उलगडत होता. गवंडी रेघेवर जाऊन उभा राहिला.

"एकानंही हात लावायचा नाही. डोकं फोडीन."

"बाजूला हो," वेल्डर म्हणाला. "तुझ्या या स्लॅबनं माझा बाप भाजून मेला."

गवंड्यानं त्याची गचांडी धरली. वेल्डरनं त्याच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फुटला, रक्त आलं. मागून काठ्या सुरू झाल्या. बाई कोसळल्या, त्यांचा चष्मा कुणाच्यातरी पायाखाली चिरडला. गवंड्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं मला डोक्यावर उचललं आणि वेल्डरच्या कटरवर नेम धरला. मित्रांनो, मीही त्या वेळी पेटलो होतो. फोडायचं म्हटलं की मला कधीच नको वाटलं नव्हतं.

ताईनं ते पाहिलं. नळीला सिलिंडर जोडलेला होता. घाव बसला असता तर कितीजण भाजले असते कोण जाणे. ती वाकली आणि कटर ओढायला तिनं उजवा हात पुढे केला.

मी सुटलो होतो. सुटलेला घण कुणाला आवरत नाही, मलाही नाही.

काँक्रीट माझ्या ओळखीचं. वीट ओळखीची. पण त्या दिवशी माझ्याखाली जे आलं ते इतकं मऊ होतं, की घाव बसला हे मला आधी कळलंच नाही. मग बोटांची हाडं मोडल्याचं जाणवलं. मला तिथल्या तिथे वितळून जावंसं वाटलं.

ताई किंचाळली नाही. मनगट घट्ट धरून ती बाईंना म्हणाली, "ओढणी द्या. गुंडाळू नका, नुसती दाबून धरा. हात वर, वर धरा." स्वतःच्याच चिरडलेल्या हाताला ती नर्ससारखी हाताळत होती. भावाकडे तिनं एकदाच पाहिलं.

तेवढ्यात मागून एक दुकानदार ओरडला, "बरं झालं! आता उतरेल खाज!"

गवंडी वळला. मला त्यानं टाकून दिलं होतं. नुसत्या हातांनी तो त्या माणसावर तुटून पडला. मग ज्यांनी त्याला आपला माणूस म्हटलं होतं, त्यांनीच त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. पोलीस येईपर्यंत त्याच्या तीन बरगड्या गेल्या होत्या.

चौकीत त्यानं स्वतःच सांगितलं, "ताईचा हात मी फोडला." ताईनं तक्रार दिली नाही. पण बोलणंही टाकलं.

चौथ्या दिवशी, पोलिसांच्या पहाऱ्यात काम पुन्हा सुरू झालं. गवंडी छातीला पट्टा बांधून आला. वाकताना त्याचा श्वास अडकत होता. त्यानं बाईंच्या रेघेपासून अकरा हात पलीकडे खडूनं दुसरी रेघ मारली. "इथे जोड आहे," म्हणाला. एवढंच. मला मात्र त्यानं शिवलं नाही. मला उचललं वेल्डरनं, कचेरीच्या कामगारांनी, आणि हट्टानं बाईंनीही. बाईंनी मला उचललं, की मीच बाईंना उचलतोय असं वाटायचं! एकवीस दिवस मी स्लॅब झोडपला. गवंडी रोज एका कडेला उभा राहून आपलं काम तुटताना बघायचा. शेवटी खाली काळा चिखल दिसला, त्यात बोटभर पाणी. वास असा, की सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले.

मग मी कोपऱ्यात पडलो. गवंडी छोटीमोठी डागडुजी करायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. माझ्यावर गंज चढला. मला वाटलं, हेच बरं.

सात महिन्यांनी ओढ्याचा काठ बांधायचं ठरलं. सिमेंट नको होतं, पाणी मुरायला हवं. नुसते दगड फोडून एकात एक बसवायचे होते. ते काम येणारा माणूस वस्तीत एकच होता. वेल्डरनं मला घासूनपुसून काठावर नेऊन ठेवलं. गवंडी आला, दगडासमोर बसला, पण मला उचलेना.

ताई दवाखान्यातून सरळ तिथे आली. उजव्या हाताची दोन बोटं ताठ झाली होती. इंजेक्शन ती आता डाव्या हातानं द्यायला शिकत होती. ती दगडापाशी बसली, छिन्नी उचलली आणि डाव्या हातानं दगडावर उभी धरली.

"मार."

गवंडी मागे सरकला. "ताई, नको. वेल्डरला धरू दे."

"मी धरलीय. मार."

"माझा हात थरथरतो गं."

"कामात तुझा घाव कधी चुकला नाही. त्या दिवशी तू राग काढलास. आज काम कर."

त्यानं मला उचललं. त्याच्या तळहाताचा घाम दांड्यावर उतरला. खाली ती पाच बोटं होती, इंजेक्शन देणारा तेवढाच हात आता उरला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या वजनाची भीती वाटली. ताईनं डोळे मिटले नाहीत, हातही हलवला नाही.

घाव छिन्नीच्या माथ्यावर बरोब्बर बसला. दगड दुभंगला. गवंडी ढसाढसा रडायला लागला.

"रडतोस काय," ताई म्हणाली, "दुसरा दगड घे."

मित्रांनो, मला गंजू देऊ नका. माझा दांडा ढिला झाला तर पाचर ठोका. चुकीचं बांधलेलं फोडायला मला जरूर उचला, अजून पुष्कळ फोडायचं शिल्लक आहे. पण राग आला असेल तेव्हा मला हात लावू नका. ताईची ती दोन बोटं अजून वळत नाहीत.