अबोल्याचा तह

माझ्या बहिणीच्या घरात होता तसा अबोला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही, आणि जे मी पाहिलं नाही ते जगात नसतंच. त्याला दाढीमिशा फुटल्या होत्या. त्या घरातली पालसुद्धा चुकचुकण्याआधी इकडेतिकडे बघून घ्यायची. कारण काय, तर छत्री. मेहुण्यांनी ती बसमध्ये विसरली की बहिणीने शेजारणीला देऊन टाकली, यावरून सुरू झालं. पुढे छत्रीसारखंच कारणही हरवलं, अबोला तेवढा घरात राहिला.

दोघं एका टेबलावर जेवत, एका दिव्याखाली पेपर वाचत, आणि बोलत ते लेकीमार्फत.

"तुझ्या बाबांना सांग, मीठ इकडे द्या म्हणावं." मिठाची बरणी बाबांच्या कोपराला टेकलेली असायची.

"तुझ्या आईला सांग, डॉक्टरांचं ऐकायचं नसेल तर त्यांच्याकडे जाते कशाला?"

मधे बसलेली माझी भाची, जिचे पाय अजून जमिनीला टेकत नव्हते, म्हणायची, "आई, बाबांना तुझ्या तब्येतीची काळजी वाटते."

मी तिचं नाव ठेवलं कबूतर. साधं कबूतर चिठ्ठी नुसती पोचवतं. आमचं कबूतर वाटेत ती चिठ्ठी धुऊन, वाळवून, इस्त्री करून पोचवायचं.

असली पोर मोठी होऊन दुसरं काय शिकणार? आंतरराष्ट्रीय संबंध! त्यासाठी विमानात बसून इतक्या लांबच्या विद्यापीठात गेली की तिचा 'पोचले' हा निरोप येईपर्यंत इथे आम्ही काळजी करून करून जुने झालो होतो.

तिथे व्याख्यानांचा हॉल एवढा मोठा, की मागच्या बाकावरची जांभई पुढच्या बाकावर पोचेपर्यंत तास संपायचा. सत्तेचा समतोल, सार्वभौमत्व, युद्धबंदी, सगळं कबुतराने मन लावून ऐकलं. पण शेजारच्या खुर्चीवरचा माणूस रोज वेगळा. वसतिगृहाच्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीसमोर दुसरी खिडकी, तिचा पडदा कायम ओढलेला. दिवसभरात तिच्याशी आपण होऊन बोलायची ती फक्त लिफ्ट. 'दार बंद होत आहे.' एकदा तर कबूतर तिला 'बरं' म्हणालं आणि मग आपल्याला कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्याने मागे वळून बघितलं. मागे कोणी असतं, तर आणखी काय हवं होतं?

संध्याकाळी मात्र फोन वाजायचा.

"तुझ्या बाबांना सांग, मोरीतला नळ गळतोय."

मग ती बाबांना फोन लावायची. बाबा बाहेरच्या खोलीत, आई आतल्या. निरोप मात्र समुद्र ओलांडून जायचा आणि समुद्र ओलांडून यायचा.

"तुझ्या आईला सांग, तो नळ नाही. तिच्या भावाने स्वतःच्या हाताने बसवलेला चमत्कार आहे."

(तो भाऊ मी. नळ चांगला होता. पाण्याचा दाब वाईट होता.)

"आई, बाबा उद्या प्लंबरला बोलावतायत."

तुम्हाला वाटेल, पोर या फोनांना कंटाळली असेल. छे! तिचं जेवण, तिचा अभ्यास, सगळं त्या फोनच्या वेळेला बांधलेलं. तेवढाच वेळ तिचं नाव कोणी उच्चारायचं. 'तू कशी आहेस' एवढं मात्र दोघांपैकी कोणी विचारत नसे. निरोप इतके असत, की त्यात वेळ कुणाला!

मग आली तहाची रंगीत तालीम. वर्गातल्या मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाचे दोन देश केले, मधे एक नदी ठेवली आणि वरच्या देशाने तिच्यावर धरण बांधलं, असं ठरवून दिलं. बोळाच्या या टोकाच्या खोलीत एक देश, त्या टोकाच्या खोलीत दुसरा. सही होईपर्यंत दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही. मध्यस्थाने बोळातून जा-ये करून दोघांना तहापर्यंत आणायचं. तिच्या गटाचा मध्यस्थ कोण? नाव निघालं आमच्या कबुतराचं. माशाच्या पिल्लाला पोहायला बोलावल्यासारखंच झालं हे.

वरच्या देशाचा प्रमुख एक उंच पोरगा होता. तो म्हणाला, "धरणाचे दरवाजे कधी उघडायचे ते आमचं आम्ही बघू. त्यांना विचारतंय कोण!"

कबुतराने बोळ ओलांडला. "दरवाजे उघडण्याआधी ते तुमचाही विचार करतील."

खालच्या देशाची प्रमुख, एक कुरळ्या केसांची पोरगी, कडाडली. "त्यांच्या धरणावर आमचा माणूस बसणार. कायमचा. नाहीतर सही विसरा म्हणावं!"

कबूतर परत फिरलं. "त्यांचं कोणीतरी अधूनमधून धरण बघायला येईल, एवढंच."

बाकीच्या गटांचे मध्यस्थ घामाघूम होऊन भिंतीला टेकले होते. आमचं कबूतर बोळातून असं तरंगत होतं, की फरशीला त्याचे बूट लागलेच नाहीत. सगळ्यांच्या आधी तिचा तह तयार! कित्येक दिवसांत पहिल्यांदाच दोन्ही खोल्यांमधली मुलं तिच्याकडे बघून हसत होती. तिला नावाने हाका मारत होती.

सहीसाठी दोन्ही देश एका टेबलाशी आले. हस्तांदोलन झालं. कुरळ्या केसांची म्हणाली, "मग आमचा माणूस सोमवारपासून येईल. त्याच्या राहण्याची सोय धरणावरच करा."

"राहण्याची?" उंच पोरगा हसला. "फिरायला येणार होता ना?"

"फिरायला? आणि दरवाजे आम्हाला विचारून उघडणार, असं कबूल केलंयत तुम्ही!"

"आम्ही? कोणी सांगितलं?"

आणि दोन्ही देश एकदम कबुतराकडे वळले. इतिहासात इतकी एकी त्यांच्यात कधी झाली नव्हती.

प्राध्यापिकाबाई मागे बसून बघत होत्या. खोली रिकामी झाल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"हे निरोप मऊ करून न्यायचं कुठे शिकलात?"

"घरी."

"त्या दोघांचा तह तुमच्याशी झाला. एकमेकांशी नाही झाला. खरं काय ते त्यांनी एकमेकांच्या तोंडून ऐकलंच नाही, मग ते मिटणार कसं? तुम्ही बाजूला व्हायला हवं होतं. का नाही झालात?"

कबुतराला उत्तर ठाऊक होतं. बाजूला झाल्यावर आपण कुठे उभं राहायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी फोन वाजला.

"तुझ्या बाबांना सांग, गच्चीची किल्ली..."

"आई, बाबा कुठे आहेत?"

"हे काय, समोर. पेपरामागे."

"मग विचार त्यांना."

"मी? मी कशी विचारू?"

"तोंडाने."

पलीकडे पेपर सळसळला. मग मेहुण्यांचा आवाज आला. "काय गं, काय झालं? तुझी आई अशी पांढरीफटक का पडलीय?"

"तिलाच विचारा, बाबा. मी आता निरोप नेणार नाही. आजवर नेले ते सगळे बदलून नेले. तुम्ही जे म्हणालात ते तिने ऐकलेलंच नाही, आणि ती म्हणाली ते तुम्ही." तिने फोन ठेवला.

इकडे काय झालं ते मी सांगतो. बहिणीने विचारलं, "किल्ली कुठाय?" मेहुणे म्हणाले, "खुंटीवर." आणि इतक्या वर्षांचं साचलेलं धरण फुटलं. असं भांडण झालं, की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि मग नीट ऐकू येईना म्हणून पुन्हा उघडल्या. भांडता भांडता दोघांचे घसे बसले. घसे बसल्यावर हळू बोलावं लागलं. हळू बोलायची सवय लागली, आणि मग काय, दोघांच्या तोंडाला खळ म्हणून नाही!

हे कबुतराला कोण सांगणार? फोन करायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, मी ऐकण्यात गुंतलो होतो. तिकडे पोरीला वाटलं, आपण घर मोडलं. रोज संध्याकाळी ती फोन टेबलावर ठेवून त्याच्यासमोर बसायची. शेवटी राहवलं नाही, तिनेच फोन केला.

"अगं, तू?" आईचा आवाज कसा मोकळा मोकळा. "काही काम होतं का?"

"नाही. सहजच."

"बरी आहेस ना? कशी आहेस तू?"

आता आली का पंचाईत! दुसऱ्यांचे निरोप या पोरीने हजारांनी वाहिले, स्वतःचा एकही नाही.

"आई, मला इथे करमत नाही गं."

"अगं बाई! थांब, यांना सांगते." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "अहो, ऐकलंत का? पोरीला तिकडे करमत नाहीये."

"तरी मी म्हणत होतो, एवढ्या लांब पाठवू नका."

"कधी म्हणालात?"

"म्हणालो होतो. तिच्यामार्फत."

"मला तर तिने सांगितलं, बाबांना फार आनंद झालाय."

दोघं हसायला लागली. मग तो विषय वळला आनंदाकडे, आनंदावरून नळाकडे आणि नळावरून, साहजिकच, माझ्याकडे. खुर्ची सरकली. ताटं मांडली जात होती. आमटीत मीठ कमी आहे असं मेहुणे म्हणाले आणि बहिणीने बरणी त्यांच्या हातात दिली असावी, कारण मेहुणे म्हणाले, "पुरे, पुरे."

फोनवर कोणीतरी आहे, हे दोघंही विसरली होती. कबुतराने हाक मारली नाही, फोनही ठेवला नाही. समोरच्या खिडकीच्या पडद्याकडे बघत ती आईबाबांचं जेवण शेवटपर्यंत ऐकत राहिली.