सात घरांची हाक

पुण्याच्या कुठल्याशा संस्थेने शाळेला चार टॅब दिले, त्यात एक गेम होता. डोंगराखालचं गाव आणि दर वर्षी वाढत जाणारा पाऊस. झाडं लावायची, चर खणायचे, आणि झऱ्याला गढूळ पाणी आलं की पाच मिनिटांत सगळ्यांना पठारावरच्या शाळेत आणायचं. नूतनबाई खूश झाल्या. नारायणगाव सोडून आंबेगावच्या या टोकाच्या वाडीत येऊन दोन वर्षं त्या फळ्यावर हवामान बदल शिकवत होत्या आणि पोरं जांभया देत होती. महिन्याचा पाऊस आता दोन दिवसांत कोसळतो, हे खडूने सांगून कुणाच्या गळी उतरणार?

पोरांनी गेममध्ये आपलीच वाडी मांडली. अडतीस घरं, झरा, शाळा. झाडं लावली, चर खणले, सगळं झकास. आणि शेवटी दर वेळी हरली. वेळ संपायची आणि पडद्यावरचा डोंगर खाली यायचा.

एकदा बाई मागे उभ्या राहून बघू लागल्या, तेव्हा उलगडा झाला. पायथ्याच्या मोकळ्या गवतात पोरांनी सात घरं जास्तीची बांधली होती. गेममधल्या गाव हलवणाऱ्या माणसाला पोरं त्या प्रत्येक घरापुढे नेऊन उभं करत होती.

"ही कुणाची घरं?"

"दरडीत गेल्याली," सातवीतली मंगल म्हणाली. "माझ्या चुलत्याचं बी हाय त्यात. भगवंतकाकाचं."

"मग तिथं थांबायचं कशाला?"

"हाक मारायला नगं?"

गावजेवणाला घरोघर हाक मारायचं काम मंगलच्या आजोबांचं, सावळेरामबाबांचं. दारापुढे उभं राहायचं, "चला" म्हणायचं, आणि आतून "आलो" आल्याखेरीज पुढच्या दाराला जायचं नाही, अशी वाडीची रीत. नऊ वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या सात घरांनाही ते हाक मारत. गवतात उभे राहत, थोडं थांबत, मग त्यांच्या वतीने स्वतःच "आलो" म्हणत.

बाईंना रागच आला. मेलेल्यांपायी जिवंत माणसं गाडायची, हा कुठला न्याय? त्यांनी सातही घरं पुसून टाकली. त्या दिवशी पोरं पहिल्यांदा जिंकली. टाळी कुणी वाजवली नाही. मंगलने टॅब पालथा ठेवला आणि दप्तर आवरलं.

जुलैत दोन दिवस पाऊस हटला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला मंगल बाटली घेऊन धावत आली. झऱ्याचं पाणी चहासारखं तांबडं झालं होतं. गेम खेळलेल्या पोरांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनीच घराघरातून आरडाओरडा करून मोठ्यांना सावध केलं. सावळेरामबाबा दारोदार फिरले. "चला." "आलो." अडतीस दारं झाली, माणसं पठार चढू लागली. बाईंनी शाळेच्या दारातून मोजदाद केली, तर एक माणूस कमी भरला. बाबा खाली गवताकडे वळले होते.

बाई पळत उतरल्या. मंगलही मागोमाग आली.

"बाबा, कुठं निघालात?"

"सात ऱ्हायल्यात."

"वेळ नाही हो बाबा."

बाबा थांबले. "त्या दिशी बी वेळ न्हाई म्हणूनच हाक मारली नव्हती, बाई."

डोंगरातून दगड घरंगळल्याचा आवाज आला. बाईंना सुचलं ते साफ खोटं होतं.

"ते आलेत, बाबा. आधीच येऊन शाळेत बसलेत."

"सगळी?"

"सातही."

बाबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पठाराची वाट धरली.

वर वर्गात सगळी वाडी दाटीवाटीने बसली होती. बाबा दारात उभे राहिले. त्यांनी टोपी पिळून डोक्यावर घातली. बाईंना कळून चुकलं, की रीत इथेही पाळली जाणार. आणि आज बाबा स्वतः "आलो" म्हणणार नाहीत, कारण ते आलेत असं बाईंनीच सांगितलं होतं. उत्तर आलं नाही तर हा म्हातारा परत खाली जाईल.

"भगवंता, आलास का?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. आपणच आवाज काढावा म्हणून बाई तोंड उघडणार, तेवढ्यात उत्तर आलं.

"आलो."

मागून, तांदळाची पोती ठेवली होती त्या भिंतीकडून. झोपेतून उठलेल्या पुरुषाचा आवाज. त्या भिंतीशी कुणी बसलेलं नव्हतं.

बाबांनी दुसऱ्या घराला हाक मारली. "आलो." तिसऱ्याला एका म्हातारीचा आवाज आला, "आले रं बाबा." सातही घरं झाली. एकाही माणसाने मागे वळून पाहिलं नाही. मंगलने बाईंचा हात धरला होता.

बाबा खाली बसले. त्याच वेळी डोंगर सुटला. गवत गेलं, त्याच्या लगतची अकरा घरं गेली. त्यांत कुणीही नव्हतं.

दुपारी खिचडी शिजली. मंगलने ताटं मांडली, आणि मागच्या भिंतीशी सात जास्तीची मांडली. बाईंनी या वेळी ती काढली नाहीत. त्यांनी स्वतः वाढलं. वाढताना मान वर केली नाही. त्यांना मेलेल्यांची भीती वाटत नव्हती. आम्हाला का पुसलं, असं त्यांतलं कुणी विचारील, एवढीच धास्ती होती.